जुन्या ख्रिस्ती कादंबऱ्या, सचोटी आणि रोजचा विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या मंडळ्यांचे वाचनगट, तरुण संघ आणि घरी एकट्यानं वाचणारे वाचक यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा भाग दुसरीकडे लागत असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे. वेळ कमी असेल तर ३, ६ आणि ९ एवढे तरी वाचा.

१. या कादंबऱ्या म्हणजे नक्की कोणत्या? येशूच्या चरित्रावरच्या का?

नाही. पहिल्या शतकातल्या रोमन रथांच्या आणि शहीदांच्या कादंबऱ्या वेगळ्या. इथे विषय आहे तो साध्या माणसाचा. दुकानदार, संपादक, चांभार, रेल्वेतला अधिकारी असा कोणीतरी रविवारी मंडळीत जे म्हणतो, ते सोमवारी गल्ल्यावर बसल्यावर त्याला आड येतं. त्याचं काय होतं, ही गोष्ट.

आमच्याकडे मुख्यतः चार लेखक वाचले जातात. जॉन बन्यन यांचं ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ (पहिला भाग १६७८), बाबा पदमनजी यांचं ‘यमुनापर्यटन’ (१८५७), लिओ टॉलस्टॉय यांच्या १८८० च्या दशकातल्या छोट्या कथा आणि चार्ल्स शेल्डन यांची ‘इन हिज स्टेप्स’. डिकन्सची नाताळची प्रसिद्ध गोष्ट (१८४३) या यादीत का नाही, असं बरेच जण विचारतात. ती गोड आहे, पण त्यातला कंजूष सावकार एका रात्रीत भुतं पाहून सुधारतो आणि सकाळी त्याच्याकडे वाटायला भरपूर पैसा असतो. त्याला ते चांगुलपण फारसं महाग पडत नाही.

आमची कसोटी एवढीच: पुस्तक मिटल्यावर कोणाचं किती नुकसान झालं, हे बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर तो कादंबरीचे कपडे घातलेला उपदेश.

२. मी यातलं काहीच वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

टॉलस्टॉयच्या दोन कथांपासून. पहिली मार्टिन चांभाराची. तो तळघरात राहतो, खिडकीतून त्याला माणसांचे फक्त जोडे दिसतात. प्रभू आज येणार म्हणून तो वाट पाहत असतो आणि येतात ते बर्फ काढणारा म्हातारा, तान्हं मूल घेतलेली बाई, सफरचंदवाली म्हातारी. दुसरी कथा जेरुसलेमच्या यात्रेला निघालेल्या दोन म्हाताऱ्यांची (तिच्याबद्दल प्रश्न १५ मध्ये).

त्यानंतर शेल्डन, मग पदमनजी आणि बन्यन शेवटी. बन्यन अवघड आहे म्हणून शेवटी नाही. त्यात प्रत्येक पात्राचं नावच त्याचा स्वभाव आहे, आणि आधी खरी वाटणारी माणसं वाचून झाली असली की ही नावं आपल्या ओळखीच्या माणसांना चिकटायला लागतात. उलट क्रमानं वाचणारे बहुतेक जण बन्यनच्या सुरुवातीलाच येणाऱ्या दलदलीच्या प्रसंगापाशी पुस्तक ठेवून देतात.

३. ‘इन हिज स्टेप्स’मधली ती प्रतिज्ञा नेमकी काय आहे?

शेल्डन हे अमेरिकेत कॅन्सास राज्यातल्या टोपेका शहराचे पाळक. १८९६ साली रविवारच्या संध्याकाळच्या उपासनेत ते उपदेशाच्या जागी या कादंबरीचं एकेक प्रकरण वाचून दाखवत. प्रत्येक प्रकरण पुढच्या रविवारची उत्सुकता लावून का संपतं, ते यावरून कळेल.

गोष्ट अशी. रेमंड नावाच्या काल्पनिक शहरात हेन्री मॅक्सवेल हे पाळक शुक्रवारी सकाळी १ पेत्र २:२१ वर उपदेश लिहीत बसले आहेत. दारात काम शोधणारा एक फाटका माणूस येतो. ते त्याला वाटेला लावतात आणि पुन्हा लिहायला बसतात. रविवारी उपासना संपता संपता तोच माणूस उठून बोलतो. तो छापखान्यातला कामगार. लिनोटाइप यंत्रं आली आणि दहा महिन्यांपूर्वी त्याचं काम गेलं. बायको वारली, मुलगी दुसऱ्या कामगाराच्या घरी आहे. तुम्ही ‘त्याच्या मागे चालतो’ अशी गाणी म्हणता, म्हणजे नक्की काय करता, एवढंच तो विचारतो आणि कोसळतो. पुढच्या रविवारी सकाळी, मुलगी पोहोचायच्या आत, पाळकांच्या घरीच तो जातो.

त्या दिवशी मॅक्सवेल मंडळीपुढे जे मांडतात त्यात चार अटी आहेत. ज्याला हवं त्यानंच पुढे यायचं. मुदत एक वर्षाची. कुठलीही गोष्ट करण्याआधी ‘येशूनं इथे काय केलं असतं?’ हे स्वतःला विचारायचं. आणि उत्तर मिळालं की परिणाम काहीही होवो, तसं वागायचं. गळ्यात, मनगटात हा प्रश्न मिरवणाऱ्या पट्ट्या १९८९ नंतर मिशिगनमधल्या एका युवागटातून पसरल्या. त्या पट्टीवर तिसरी अट तेवढी उरली. मुदत आणि परिणाम गळून पडले.

४. येशूनं काय केलं असतं हे मला कसं कळणार? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं.

कादंबरीतही वेगळंच येतं, आणि लेखक ते मान्य करतो. एकानं दुसऱ्याचं उत्तर ठरवायचं नाही, हा तिथला नियम आहे. पण त्यातच पळवाटही आहे. जॅस्पर चेस हा त्यातला कादंबरीकार प्रतिज्ञा करून बसतो आणि पुढे खपेल अशीच कादंबरी लिहितो.

म्हणून गटात आम्ही प्रश्न जरा खाली उतरवतो. ‘येशूनं काय केलं असतं’ याच्या आधी लूक ३:१०-१४ वाचायचं. जकातदार आणि शिपाई योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो कोणालाच नोकरी सोडायला सांगत नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, कोणाला धमकावून लुबाडू नका, पगारात भागवा, इतकं रोखठोक सांगतो. मग लूक १९:८ मधला जक्कय: फसवून घेतलं असेल तर चौपट परत. ही दोन ठिकाणं पाहिल्यावर उत्तरं आपोआप रुपये, किलो आणि तारखा यांत यायला लागतात.

एक शब्दही पाहण्यासारखा आहे. १ पेत्र २:२१ मध्ये मराठी बायबल ‘कित्ता’ म्हणतं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही मुलांनी गिरवायचा अक्षरांचा नमुना असाच आहे. कित्ता गिरवणाऱ्याची पहिली ओळ वाकडी येणार, हे त्या शब्दातच धरलेलं आहे.

५. मराठीत काय मिळतं?

‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चं मराठी भाषांतर हरि केशवजी यांनी ‘यात्रिक क्रमण’ या नावानं १८४१ मध्येच केलं. ‘यमुनापर्यटन’ तर मुळातच मराठी आहे, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अभ्यासक्रमातही असते. त्यामुळे ज्यांच्या घरी कोणी मराठी घेऊन एम. ए. केलं आहे, त्यांच्या कपाटात आधी शोधा. टॉलस्टॉयच्या कथा बालसाहित्याच्या नावाखाली सापडतात. त्यात पुष्कळदा देवाचा उल्लेख आणि शेवटची वचनं कापलेली असतात, म्हणून शेवटचं पान तपासून घ्या. मार्टिनच्या कथेत शेवटी मत्तय २५ मधली वचनं नसतील तर ती प्रत कापलेली समजा.

६. मंडळीत वाचनगट सुरू करायचा आहे. कसा?

माणसं ८ ते १२. त्याहून जास्त झाली की निम्मी नुसती ऐकतात. वेळ ९० मिनिटं: ३५-४० मिनिटं मोठ्यानं वाचन, १० मिनिटं चहा, उरलेला वेळ बोलणं. चहा मध्ये ठेवा, शेवटी नको. वाचून लगेच बोलायला लावलं तर लोक वचनं म्हणून दाखवतात. हातात कप असला की मनातलं बोलतात.

मार्टिनची कथा एका बैठकीत होते. दोन म्हाताऱ्यांची जवळपास दुप्पट आहे. त्यातला एलिशा घरी परततो तिथे थांबा आणि दुसऱ्याचा, येफिमचा, प्रवास पुढच्या वेळी घ्या. शेल्डनच्या कादंबरीत ३१ प्रकरणं आहेत. सगळी वाचू नका. रेमंडमधला पहिला भाग पुरतो. नंतर गोष्ट शिकागोला जाते आणि तीच प्रतिज्ञा नव्या माणसांवर पुन्हा चालते.

हंगाम पाहून ठरवा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, कोणी येत नाही. बीड जिल्ह्यात आणि आसपास दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली घरं उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्याशिवाय गट चालवला तर ज्यांना हा विषय सगळ्यात नीट कळतो तेच बाहेर राहतात. जून अखेर ते ऑगस्ट हा काळ बरा.

प्रत्येक बैठकीला तीनच प्रश्न ठेवा. या माणसानं काय गमावलं? त्याच्या घरातल्या कोणी, न विचारता, काय गमावलं? तुम्ही तिथे असता तर त्याला काय सांगून अडवलं असतं? तिसरा प्रश्न फार उपयोगी. नायकाची बाजू सगळेच घेतात. त्याला अडवायला सांगितलं की प्रत्येक जण आपण रोज स्वतःला जे सांगतो तेच बोलून जातो.

बिघडतं कुठे? पाळकसाहेब अध्यक्ष झाले आणि शेवटी निष्कर्ष सांगू लागले की तिसऱ्या आठवड्याला गट संपतो. त्यांनी यावं, इतरांसारखं बसावं, वाचण्याची पाळीही घ्यावी. दुसरं, ‘आपल्या मंडळीतला जॅस्पर चेस कोण’ ही कुजबुज सुरू होते. नाव निघालं की तिथेच थांबवा. तिसरं, नवरा शेजारी बसला असेल तर बाया गप्प राहतात, आणि घरातल्या किमतीचा प्रश्न तर त्यांचाच. भगिनी मंडळाची बैठक वेगळी घ्या, पुस्तक तेच ठेवा.

७. माझं मोंढ्यात आडतीचं दुकान आहे. कादंबरीतल्यासारखं वागलो तर महिन्यात शटर पडेल. यावर काय?

‘इन हिज स्टेप्स’मधल्या मिल्टन राइट या व्यापाऱ्याची प्रकरणं वाचा. तो एक कागद घेतो आणि येशू आपल्या जागी व्यापारी असता तर धंदा कसा चालवला असता, याचे मुद्दे लिहितो. मुद्दे मोठ्या तत्त्वांचे आहेत: पैसा विश्वस्ताचा, नोकरांशी प्रेमानं, संशयास्पद व्यवहार नाही. लेखक व्यापारी नव्हता, हे इथे जाणवतं. तुमचा कागद जास्त बारीक असायला हवा.

तीन रकाने आखा: कुठली गोष्ट, आज ती कोणाच्या खिशातून जाते, बंद करायची तारीख. उदाहरणार्थ, क्विंटलमागे किलो-दोन किलोचा कडता. ओलावा मापक यंत्र दाखवतं एक आणि आपण तोंडी सांगतो दुसरं. सोयाबीनला १२ टक्के ओलावा ही खरेदीची मर्यादा धरतात. शेतकऱ्याला यंत्राचा आकडा वाचू द्यायला काहीच खर्च नाही, मग सुरुवात तिथून करा. पट्टीवर हमाली-तोलाई वेगळी लिहा. पैसे लगेच रोख देतो म्हणून दोन टक्के कापणं वेगळ्या ओळीत टाका, कारण ते सोडायला भांडवल लागेल आणि वेळही.

सगळं एका सोमवारी बंद करणारे दोन महिन्यांत गुपचूप मागे फिरतात आणि मग ‘हे जमत नाही’ असं इतरांना सांगतात. एकेक गोष्ट तारीख घालून सोडणारे टिकतात. आणि हो, ग्राहक वाढतीलच असं धरू नका. सचोटीनं धंदा वाढतो हे कादंबऱ्यांतलं आवडतं वाक्य आहे. कधी वाढतो, कधी शेजारचा आडत्या तुमचा माल ओढतो.

८. मी लाच घेत नाही, पण दाखल्यासाठी द्यावी लागते. देणारा कादंबरीत का नाही?

कारण या कादंबऱ्यांतल्या बहुतेक नायकांकडे सोडण्यासारखं काहीतरी असतं: हुद्दा, वारसा, वर्तमानपत्र. खिडकीसमोर रांगेत उभा असलेला माणूस पार्श्वभूमीत राहतो (प्रश्न १० पाहा).

व्यवहाराचं सांगायचं तर, २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल आणि ७ दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर सूट मिळते. द्यायच्या आधीच १०६४ या क्रमांकावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला सांगणं जास्त सुरक्षित. साधा दाखला अडला असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अर्जाची पोच घ्या. प्रत्येक अधिसूचित सेवेला ठरलेले दिवस आहेत आणि ते उलटले की अपील करता येतं. पोच नसेल तर अपीलही नाही. नेमकी तीच द्यायला टाळाटाळ होते, म्हणून अर्ज ऑनलाइन भरा.

वेळ जास्त जाईल. शाळा प्रवेशाच्या जूनमध्ये हे सुचून उपयोग नाही. दाखला फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा.

९. कंपनीतला गैरव्यवहार कळला म्हणून ‘इन हिज स्टेप्स’मधला पॉवर्स राजीनामा देतो. ते बरोबर का? घरच्यांचं काय?

आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद याच पात्रावर होतो, आणि व्हावा. अलेक्झांडर पॉवर्स रेल्वेच्या कारखान्याचा मोठा अधिकारी. प्रतिज्ञेनंतर तो कामगारांसाठी जेवायची खोली तयार करतो. इथवर सगळे खूश. मग चुकून हाती आलेल्या कागदांवरून त्याला कळतं की कंपनी आंतरराज्य व्यापाराचा कायदा मोडते आहे. तो पुरावा आयोगाकडे देतो, राजीनामा देतो आणि पुन्हा तारमास्तराच्या कामावर जातो, जिथून त्यानं सुरुवात केली होती.

कृतीचा क्रम पाहा: आधी पुरावा योग्य जागी, मग राजीनामा. पुष्कळ जण उलटं करतात. रागानं नोकरी सोडतात, मग कागद मागायला जातात. तेव्हा कपाट बंद झालेलं असतं.

पण घरच्यांचं विचारलंत, ते महत्त्वाचं. बायकोला आणि शिकणाऱ्या सेलिया या मुलीला प्रतिज्ञा घ्यायला कोणी बोलावलं नव्हतं. समाजातली जागा त्यांचीही जाते. लेखक ते दाखवतो आणि पटकन पुढे जातो. आमच्या मते या कादंबरीचं सगळ्यात अर्धवट राहिलेलं पान ते आहे.

ते पान पूर्ण वाचायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. ती कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) हातचं देऊन मोकळे होणारे, मनात आलं की निघणारे. त्या दातृत्वाचा हिशोब चुलीपुढे बसून कोणी जुळवला, ते लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. तक्रारीचा सूर नाही, पण एक पैसाही विसरलेल्या नाहीत. पॉवर्सच्या बायकोनं लिहिलं असतं तर असं काही लिहिलं असतं. म्हणून आमचा आग्रह: मोठा निर्णय असेल तर प्रतिज्ञा एकट्यानं घेऊ नका, ज्यांच्या ताटातली भाकर कमी होणार आहे, त्यांना आधी सांगा. त्यांनी ‘थांबा’ म्हटलं तर थांबायचं की नाही, यावर आमच्यात एकमत नाही.

१०. ‘इन हिज स्टेप्स’मध्ये श्रीमंत लोक गरीब वस्तीत जाऊन उद्धार करतात. आम्ही त्या वस्तीतलेच आहोत. आम्ही काय वाचायचं?

मराठवाड्यातल्या पुष्कळ मंडळ्या महार-मांग वस्त्यांतून उभ्या राहिल्या. त्यामुळे हा प्रश्न इथे येणारच. रेमंडच्या ‘रेक्टँगल’ नावाच्या वस्तीतलं नीट नाव-गाव असलेलं पात्र म्हणजे लॉरीन. तिचं मन पालटतं आणि दंगलीत फेकलेल्या बाटलीनं ती मरते. आणि ज्यानं मुळात प्रश्न विचारला तो तर दुसऱ्या प्रकरणात गेला. इतरांची आयुष्यं बदलावीत म्हणून कादंबरीनं गरिबांची दोन आयुष्यं वापरली, असं म्हटलं तर ते खोटं नाही.

पहिली दोन प्रकरणं दोनदा वाचा. दुसऱ्या वेळी दाराच्या बाहेरून, त्या कामगाराच्या बाजूनं. तो भीक मागत नाही, काम मागतो, आणि त्याचा प्रश्न दानाचा नाही. मग मार्टिन वाचा. तिथे देणाराही तळघरातच राहतो. चहा, कोबीचं सूप, जुना कोट आणि गहाण पडलेली शाल सोडवायला थोडे पैसे, एवढंच देणं आहे.

इथलं उदाहरण हवं असेल तर नारायण शेषाद्री यांच्याबद्दल वाचा. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण पुढे निजामाच्या राज्यात जालन्याला आला आणि जवळच त्यानं बेथेल नावाचं गाव वसवलं, मुख्यतः वाळीत टाकल्या गेलेल्या नवख्रिस्ती कुटुंबांसाठी. ते यशही आहे आणि त्यात पुढाऱ्यावर अवलंबून राहण्याचा धोकाही आहे. चर्चेला दोन्ही बाजू मिळतात.

११. दाखल्यावर एक धर्म, घरात दुसरा. या कादंबऱ्यांच्या हिशोबानं आम्ही खोटे ठरतो का?

या कादंबऱ्यांनी असा प्रसंग कधी पाहिलेलाच नाही, म्हणून त्यांच्या मापानं कोणाला मोजू नका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम नाहीत. त्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात दीर्घकाळ आहेत. दुसरीकडे, बाप्तिस्मा लपवून लाभ घेणं उघड झालं तर दाखला आणि त्यावर मिळालेली नोकरी दोन्ही जाऊ शकतात. हा धोका खरा आहे आणि मुलांना तो आधीच सांगितला पाहिजे.

आमचा नियम एकच: हा विषय गटात नावं घेऊन चर्चेला घेत नाही. पाळकांशी आणि वकिलाशी स्वतंत्र बोला.

१२. ‘इन हिज स्टेप्स’मध्ये सारखं दारूच्या गुत्त्यांबद्दलच का?

कारण शेल्डन दारूबंदीचे कडवे पुरस्कर्ते होते आणि त्या काळी गुत्तेवाले शहरातल्या निवडणुका चालवत. ही पानं जुनी वाटली तर ज्या गावात उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान झालंय तिथल्या बायांना वाचून दाखवा. त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही.

१३. या कादंबऱ्यांतल्यासारखं वागणं म्हणजे कर्मांनी तारण मिळवणं झालं नाही का?

बन्यनमध्ये ख्रिस्ती नावाच्या वाटसरूच्या पाठीवरचं ओझं वधस्तंभापाशी गळून पडतं, पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागातच. ‘व्हॅनिटी फेअर’ हा बाजार, जिथे सत्यासाठी तुरुंगात जावं लागतं, त्यानंतर येतो. याच क्रमात उत्तर आहे. आणि मध्येच भेटतो तो वाचाळ, जो कृपेवर तासन्‌तास बोलू शकतो पण ज्याच्या घरात धर्म चवीपुरताही नाही. सोबत याकोब २:१४-१७ वाचा.

त्या बाजाराबद्दल जाता जाता: माळेगावची जत्रा पाहिलेल्या वाचकाला तळटीप लागत नाही. बन्यनचा राग जत्रेवर नाही. तिथे सगळंच विक्रीला असतं, माणसाचा शब्दसुद्धा, यावर आहे.

१४. टॉलस्टॉयला त्यांच्या चर्चनं बहिष्कृत केलं होतं. मंडळीत वाचावं का?

हो, १९०१ मध्ये रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या सिनोदनं, म्हणजे धर्मसभेनं. कारण त्यांचे येशूच्या देवत्वाविषयीचे आणि चर्चविषयीचे लेख होते. या कथा त्याच्या आधीच्या. सिद्धांत शिकायला त्यांच्याकडे जाऊ नका, शेजारी पाहायला जा. गंमत म्हणजे मार्टिनची गोष्ट मुळात रुबेन सायां या फ्रेंच बाप्तिस्त पाळकाची. टॉलस्टॉयला ती लेखकाच्या नावाशिवाय मिळाली आणि त्यांनी ती रशियन केली.

१५. गटात हिंदू, मुस्लिम मित्र येतात. चालेल का?

चालेल, आणि दोन म्हाताऱ्यांच्या कथेला तर ते हवेतच. येफिम आणि एलिशा जेरुसलेमला निघतात. एलिशा पाणी प्यायला एका झोपडीत शिरतो, तिथे कुटुंब उपाशी मरतंय. तो राहतो, गाय-घोडा घेऊन देतो, पैसे संपतात, घरी परततो. येफिम पोहोचतो आणि पवित्र कबरेपाशी गर्दीत सगळ्यात पुढे त्याला एलिशाचं टक्कल दिसतं.

पैठणच्या कोणाही माणसाला ही कथा अर्धी माहीत असते. काशीचं पाणी रामेश्वराला नेणाऱ्या एकनाथांनी ते वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट इथे घरोघर आहे. गटात ती कोणी सांगितली तर सांगू द्या. ‘पण आपल्या धर्मात...’ असं म्हणून लगेच फरक काढायला बसू नका. फरक आहेतच, ते संभाषणात आपोआप येतात. आणि गटाचा उपयोग धर्मप्रचारासाठी करू नका. वाचायला बोलावलंय तर वाचनच व्हावं.

१६. येशूच्या पद्धतीनं वर्तमानपत्र चालवण्याचा प्रयोग खरंच झाला होता का?

झाला. मार्च १९०० मध्ये ‘टोपेका डेली कॅपिटल’ हे दैनिक एका आठवड्यासाठी शेल्डनच्या हाती दिलं गेलं. गुन्ह्यांच्या मसालेदार बातम्या नाहीत, दारू-तंबाखूच्या जाहिराती नाहीत. खप दहा-बारा हजारांवरून साडेतीन लाखांच्या वर गेला. पहिल्या दिवशी पहिल्या पानावर काय होतं, ते आपल्याकडे फारसं माहीत नाही: भारतातला दुष्काळ आणि त्यासाठी मदतीचं आवाहन. १८९९-१९०० चा तो दुष्काळ निजामाच्या राज्यालाही झोडपून गेला होता. वाढलेला खप कुतूहलाचा होता, हेही लक्षात ठेवा. आठवडा संपला आणि खपही उतरला.

१७. मुलांना कोणत्या वयात द्यावं? काही भाग टाळावा का?

मार्टिन सात-आठ वर्षांपासून. शेल्डन दहावीनंतर, त्याआधी मुलं कंटाळतात. बन्यनची संक्षिप्त आवृत्ती दहाव्या वर्षापासून चालते, पण निराशा राक्षसाच्या गढीचं प्रकरण आधी स्वतः वाचा. राक्षस कैद्यांना मारतो आणि सुरी, फास किंवा विष घेऊन सुटका करून घ्या, असं सुचवतो. शेतकरी आत्महत्या घराघरांत पोहोचलेल्या आपल्या भागात हे वाक्य ऐकणाऱ्यात कोण बसलंय ते माहीत नसतं. ते वाचायचं तर सलग वाचा. आशावंत हा सोबती ख्रिस्तीला अडवतो आणि वचन नावाची किल्ली ख्रिस्तीच्याच छातीशी सापडते, तिथपर्यंत न थांबता. ‘पुढच्या रविवारी’ म्हणून राक्षसाच्या सल्ल्यावर थांबू नका. कोणी नंतर गप्प झालं तर एकटं सोडू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

१८. नाताळला याचं नाटक बसवायचं आहे. परवानगी लागते का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतो. बन्यन, टॉलस्टॉय (१९१०) आणि पदमनजी (१९०६) केव्हाच मोकळे झाले. शेल्डन १९४६ मध्ये गेले, म्हणजे २००७ पासून मोकळे. ‘नार्निया’च्या गोष्टी लिहिणारे सी. एस. लुईस १९६३ मध्ये गेले. त्यांची त्यांच्या हयातीतली पुस्तकं २०२४ पासून. पण भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजतात. मूळ इंग्रजी मोकळं असलं तरी १९९० च्या मराठी भाषांतरातले संवाद उचलता येत नाहीत. मूळ कथेवरून आपले संवाद लिहा.

हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकालाही कायद्याच्या कलम ५२ मध्ये थोडी सवलत आहे: हौशी मंडळानं तिकीट न लावता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग. तो चित्रित करून यूट्यूबवर टाकणं त्यात येत नाही. संहिता छापून वाटणंही नाही.

मार्टिनच्या नाटकाला पात्रं सहा-सात, वेळ २५ मिनिटं, आणि खिडकी नेपथ्यात उंच लावा, म्हणजे प्रेक्षकांनाही आधी नुसते पायच दिसतील. मुलांचे बूट आदल्या दिवशी गोळा करून ठेवा. ऐन वेळी सगळ्यांचे चकचकीत नवे निघतात.